यांच्यानंतरचं पहिलं वर्ष : कागद, कार्यालयं आणि मी

नवरा गेल्यावर पहिल्या वर्षात बाईला कुठल्या कुठल्या दारात उभं राहावं लागतं, हे क्रमाने लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. बँकेचं बँकेत गेल्यावर कळलं, जमिनीचं तलाठ्याकडे गेल्यावर. वर्ष पूर्ण झालं आहे, तपशील अजून ताजे आहेत, म्हणून लिहून ठेवते आहे. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना निदान पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते दिसावं.

आमचं घर साताऱ्यात. हे खासगी कंपनीत होते, मी घर आणि शिकवण्या सांभाळत होते, लेक बारावीला आणि सासूबाई आमच्याजवळ. कोरेगाव तालुक्यात थोडी शेती, शहरात सोसायटीतला एक फ्लॅट, एक स्कूटर, पीएफ आणि दोन बँकांत खाती. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने हे गेले. वय ४९. आदल्या रात्री लेकीच्या प्रॅक्टिकलबद्दल बोलत होते.

पहिले दिवस माझ्या नीट लक्षातही नाहीत. पण एक काम त्याच दिवसांत करावं लागतं, ते म्हणजे मृत्यूची नोंद. कायद्याप्रमाणे ती २१ दिवसांत व्हायला हवी. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला तर वरची परवानगी आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशा पायऱ्या वाढत जातात. मृत्यू घरी झाला असेल तर डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून दिलेलं प्रमाणपत्र लागतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ते त्याच सकाळी दिलं. स्मशानभूमीतली पावती भाऊजींनी जपून ठेवली होती. हे दोन कागद आणि यांचं आधार घेऊन नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नोंद झाली.

तिथल्या टेबलावरच्या बाईंनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी आता भेटेल त्याला सांगते. प्रमाणपत्र छापण्याआधी नावाचं अक्षर न् अक्षर वाचून घ्या, मराठीतलंही आणि इंग्रजीतलंही. यांचं आधारवर पूर्ण नाव, कंपनीत नुसती आद्याक्षरं आणि गावाकडच्या कागदांवर घरात हाक मारायचं नाव होतं. मृत्यूच्या दाखल्यावर आधारप्रमाणे नाव घातलं आणि बाकीच्या ठिकाणांसाठी ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं. वर्षभर ते कामाला आलं. दाखल्याच्या मूळ प्रती एकदमच भरपूर काढून घ्या. प्रत्येक जण ‘ओरिजिनल दाखवा’ म्हणतो आणि काही ठिकाणी ती ठेवूनही घेतात.

तेराव्याच्या आधी घरात आणखी एक प्रसंग झाला. नात्यातल्या एक आजी माझ्या मंगळसूत्राबद्दल आणि कुंकवाबद्दल बोलायला लागल्या. मी मान खाली घालून बसले होते. सासूबाई भिंतीला टेकून होत्या, चार दिवस त्यांच्या घशाखाली घास गेला नव्हता. त्या तिथूनच म्हणाल्या, “तिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. काय ठेवायचं, काय काढायचं, ते ती ठरवील.” खोलीतलं कुणीच पुढे बोललं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं, हे मी तेव्हा वाचलं होतं. आमच्या घरात ते परिपत्रक सासूबाईंच्या त्या दोन वाक्यांनी आलं. मंगळसूत्र मी माझ्या मनाने कपाटात ठेवलं. टिकली लावणं मात्र सोडलं नाही. बँकेत पहिल्यांदा गेले तेव्हा टिकली लावूनच गेले, आणि ताठ मानेने बसता आलं याचं श्रेय मी सासूबाईंना देते.

बँकेचं काम डिसेंबरमध्ये सुरू केलं. त्याआधी दोनतीन हितचिंतकांनी सुचवलं होतं की एटीएम कार्ड आहे, पिन माहीत आहे, तर पैसे काढून घे. तसं करू नका. खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड वापरायचा अधिकार कुणालाच राहत नाही, आणि वारसांत वाद असेल तर तेच अंगाशी येतं. आमचं एक खातं दोघांच्या नावावर, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणालाही आणि मागे राहील त्याला चालवता येईल अशा पद्धतीचं होतं. तिथे अर्ज आणि दाखला दिला, यांचं नाव कमी झालं, खातं माझ्याकडे चालू राहिलं. घरखर्चाचे पहिले तीन महिने त्यावरच निघाले. ज्यांची खाती अजून एकेकट्याच्या नावावर आहेत त्यांनी निदान एक तरी खातं असं करून ठेवावं, असं मी कळवळून सांगते.

दुसरं खातं यांच्या एकट्याच्या नावावर, पगाराचं. त्यावर नॉमिनी होत्या सासूबाई, कारण ते लग्नाआधी उघडलेलं. नॉमिनी असेल तर बँक कोर्टाचा कागद मागत नाही. दावा अर्ज, दाखला, नॉमिनीची ओळखपत्रं आणि तिचं स्वतःचं खातं एवढं पुरतं. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो माहीत असू द्या. अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्या. तारीख असली की विचारता येतं.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ही गोष्ट मला तिथे पहिल्यांदा नीट समजली. बँक ज्याच्या हातात पैसे देते तो नॉमिनी, पैसे ज्यांचे असतात ते वारस. हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलं आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस असतात आणि त्यांना सारखा वाटा मिळतो. आमच्या घरात म्हणजे सासूबाई, मी आणि लेक. बऱ्याच घरांत आईचं नाव या यादीत असतं हे कुणाला ठाऊकच नसतं, किंवा ठाऊक असून कुणी काढत नाही. सासूबाई म्हणाल्या, “मला काय करायचंय, सगळं पोरीच्या नावावर टाक.” मी ऐकलं नाही. त्यांचा तिसरा हिस्सा त्यांच्याच नावावर मुदत ठेवीत ठेवला, ज्येष्ठ नागरिकांच्या जास्तीच्या व्याजाने. त्यांचा मुलगा गेला होता. हातात स्वतःचे चार पैसे असण्याची गरज त्यांना माझ्यापेक्षा कमी नव्हती.

याच दिवसांत पासबुक मागे मागे वाचत असताना मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची एक ओळ दिसली. ती होती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाखांचं संरक्षण, १ जून ते ३१ मे असं वर्षाचं. यांनी कधीतरी बँकेत फॉर्म भरला असणार, घरात कुणाला कल्पना नव्हती. दावा बँकेतूनच करायचा असतो आणि लवकर केलेला बरा. फॉर्म, दाखला, नॉमिनीचे कागद दिले, जानेवारीअखेर रक्कम आली. २० रुपयांची कपात दिसली तर ती सुरक्षा विमा योजना, ती अपघातासाठी असते. कुणी गेलं असेल तर त्यांच्या सगळ्या पासबुकांत मे-जूनच्या नोंदी जरूर पाहा. आमच्या ओळखीत दोन घरांनी असं पाहिलं आणि एका घराला पैसे मिळाले.

सिमकार्डही बंद करू नका. बँक, पीएफ, विमा, वीजबिल, सगळ्यांचे संदेश यांच्या नंबरवर येत होते. तो नंबर मी वर्षभर चालू ठेवला. पहिले काही आठवडे त्यावर यांच्या मित्रांचे, गॅरेजवाल्याचे, कुणाकुणाचे फोन येत. प्रत्येकाला पुन्हा सांगावं लागे. एकदा लेकीने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, “आई, आजपासून हे मी सांगते.” सतरा वर्षांच्या मुलीने हे काम अंगावर घेऊ नये असं वाटलं, पण तिला ते हवं होतं. तिने ते फार नीट केलं.

पीएफचं काम सगळ्यात लांबलं. कंपनीतल्या नोंदीत यांची जन्मतारीख चुकलेली होती, ती दुरुस्त होऊन आल्याशिवाय पुढे सरकेना. जानेवारी आणि फेब्रुवारी त्यातच गेले. लेकीची बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, त्यामुळे सकाळी तिला केंद्रावर सोडायचं आणि तिथून थेट कंपनीत जायचं असं चाललं होतं. एक गोष्ट यांनी करून ठेवली होती, ऑनलाइन ई-नॉमिनेशन, माझ्या आणि लेकीच्या नावे. त्यामुळे वारस कोण हा प्रश्न आला नाही. नोकरीत असलेल्या प्रत्येकाने आज रात्री हे एवढं तपासावं.

पीएफमध्ये तीन वेगवेगळे दावे असतात हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. एक, साठलेली रक्कम. दोन, ईडीएलआय, म्हणजे पीएफला जोडलेला विमा. नोकरीत असताना माणूस गेला तर तो मिळतो, जास्तीत जास्त ७ लाख, त्यासाठी वेगळा हप्ता कामगाराच्या पगारातून जात नाही. तीन, पेन्शन. विधवेला दरमहा पेन्शन आणि शिवाय वय वर्षं २५ होईपर्यंत दोन मुलांना प्रत्येकी त्या पेन्शनच्या चौथ्या भागाएवढी. कंपनीतल्या माणसाने सुरुवातीला मला फक्त पहिलाच फॉर्म दिला होता. मी आधी वाचून गेले होते म्हणून बाकीचे दोन मागितले. फोटो, रद्द केलेला चेक, लेकीचा जन्मदाखला, सगळ्यांची आधार, हे संच करून ठेवा. एप्रिलमध्ये पहिले पैसे आले, पेन्शन मेपासून सुरू झाली. रक्कम मोठी नाही. पण दर महिन्याला संदेश येतो तेव्हा यांनी इतकी वर्षं केलेली नोकरी अजून घराला हात देते आहे असं वाटतं.

घरखर्च मात्र पेन्शनवर चालणार नव्हता. माझं बीकॉम झालेलं, त्याला वीस वर्षं झाली. जानेवारीत टॅलीच्या, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवण्याच्या, क्लासला नाव घातलं. वर्गात सगळी लेकीच्या वयाची मुलं, संगणकावर त्यांची बोटं भराभर चालत. मी रोज एक तास आधी जाऊन बसायची. जुलैपासून एका सीएंच्या ऑफिसात काम मिळालं. पगार सुरुवातीचा म्हणून बेताचा, पण तो माझ्या खात्यात माझ्या नावाने येतो.

ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि स्कूटर दारात धूळ खात उभी. गाडीचा नियम असा, की मालक गेल्याचं आरटीओला ३० दिवसांत कळवायचं, आणि वारसाने तीन महिन्यांच्या आत गाडी स्वतःच्या नावावर करायला अर्ज करायचा, फॉर्म ३१ मध्ये. विकत घेतलेल्या गाडीचा फॉर्म वेगळा असतो, काउंटरवर तोच हातात पडण्याची शक्यता असते, तेवढं पाहून घ्या. विम्याची पॉलिसीही नावावर करून घ्या. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, माझ्या नावावर आणि पॉलिसी यांच्या नावावर असती तर दाव्याच्या वेळी अडचण झाली असती.

गाडी नावावर झाली, पण मला ती चालवता येत नव्हती. इतकी वर्षं मी मागे बसले. शिकाऊ परवाना हल्ली आधारवरून घरबसल्या निघतो, परीक्षाही ऑनलाइन. शेजारच्या ताईंनी शिकवायचं कबूल केलं आणि आम्ही दोघी पहाटे मैदानावर जाऊ लागलो. ब्रेक दाबताना दोन्ही हात आवळले जायचे, खांदे दुखून यायचे. ताई मागून म्हणायच्या, “वहिनी, हँडलकडे बघू नका, जायचं तिकडे बघा.” नजर समोरच्या झाडावर ठेवली की गाडी आपोआप सरळ जायची. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याच्या चाचणीला अर्ज करता येतो. चाचणीच्या दिवशी पाय न टेकवता आठचा आकडा काढला. इन्स्पेक्टर नुसते “पुढचे” म्हणाले. मला मात्र घरी येईपर्यंत दम धरवत नव्हता. दारातच सासूबाईंना मागे बसवलं आणि कॉलनीला एक फेरी मारली.

आता जमिनीचं. हे थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच बायका मागे राहतात.

सासरे २०११ मध्ये गेले होते, पण सातबारा अजून त्यांच्याच नावावर होता. वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, पण गावाकडे अशी वर्षानुवर्षं न झालेली नोंद घरटी आढळते. आम्ही काही करायच्या आतच सरकारने एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम जाहीर केली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. गावोगावी चावडी वाचन, म्हणजे नोंदींचं गावात जाहीर वाचन, होऊन मयत खातेदारांच्या याद्या झाल्या, त्यात सासऱ्यांचं नाव होतं. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.

आमच्या बाबतीत दोन मृत्यू होते, म्हणून वारसांची यादी दोन पायऱ्यांत करावी लागली. सासऱ्यांचे वारस सासूबाई, हे, भाऊजी आणि नणंदताई. आणि यांच्या जागी मी, लेक आणि पुन्हा सासूबाई. कागद लागले ते असे: दोन्ही मृत्यूंचे दाखले, सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ता आणि नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, रेशनकार्ड, जुना सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा. अर्जाला शुल्क नाही. एका एजंटाने याच कामाचे १० हजार सांगितले होते. आमचा सगळा खर्च झेरॉक्स, नोटरी आणि एसटीचा.

याद्या करताना भाऊजी म्हणाले, ताईचं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, तिची सही घेऊन तिचं नाव बाहेर ठेवू, पुढे कटकट नको. भाऊजी मनाने वाईट नाहीत, गावात असंच होत आलेलं त्यांनी पाहिलं आहे. तलाठ्यांनीच स्पष्ट सांगितलं की वारस नोंदीत सगळे वारस लावावेच लागतात. कुणाला हक्क सोडायचा असेल तर तो नंतर स्वतंत्र हक्कसोडपत्राने, दुय्यम निबंधकांकडे नोंदवून. मी त्या रात्री ताईंना फोन केला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “वहिनी, मला तुकडा नको. पण माझ्या बापाच्या उताऱ्यावर माझं नाव पाहिजे.” मी भाऊजींना तेच, त्याच शब्दांत सांगितलं. मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे हे २००५ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे, पण भाऊजींना पटलं ते कायद्याने नाही, बहिणीच्या त्या वाक्याने. यादीत सगळी नावं लागली.

तलाठ्यांनी गावात चौकशी केली, वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये नोंद घेतली, मग फेरफार, म्हणजे नावं बदलण्याची नोंद, तयार झाला. हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर तलाठ्यांच्या वरचे मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हे १५ दिवस मला फार जड गेले. गावात कोण काय बोलतंय हे रोज कानावर यायचं, ‘शहरातली सून जमीन विकायला निघाली’ इथपर्यंत. मी गावात जाऊन सासूबाईंना घेऊन दोनदोन तास ओट्यावर बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याशी त्याच बोलायच्या. मे महिन्यात फेरफार प्रमाणित झाला.

लेक तेव्हा अठराची झाली नव्हती, म्हणून तिच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून माझं नाव लागलं. एक गोष्ट लक्षात ठेवा. अज्ञान मुलाच्या नावावरच्या स्थावर मालमत्तेची विक्री आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. कुणी घाईने सही करायला सांगत असेल तर एवढा एक मुद्दा तुमच्या बाजूने आहे.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. तो मी घरी काढला. सासूबाई, भाऊजी, ताई, मी, लेक, एकाखाली एक. सासूबाईंना वाचता येतं पण चश्म्याचा नंबर वाढला आहे, म्हणून मी बोट ठेवून प्रत्येक नाव वाचून दाखवलं. त्या आपल्या नावावर थांबल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या रानात राबल्या, आणि जमिनीच्या कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदा आलं होतं. मला रडू आलं ते त्या वेळी. यांच्यासाठी, सासऱ्यांसाठी, आणि या माउलीला इतकी वर्षं ताटकळावं लागलं म्हणून.

फ्लॅटचं काम ऑगस्टमध्ये घेतलं. सोसायटीकडे यांनी मला नॉमिनी केलं होतं. आपल्याकडच्या सहकारी कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेतात. कायम सभासदत्वासाठी वारस ठरल्याचा कागद लागतो, म्हणजे मृत्युपत्र, कोर्टाचा वारस दाखला किंवा कुटुंबातल्या व्यवस्थेचा दस्त यांपैकी एक. अर्ज, दाखला, शेअर सर्टिफिकेट आणि प्रवेश शुल्क भरून तात्पुरतं सभासदत्व मिळालं. वारसाकडून हस्तांतरणाचा प्रीमियम घेता येत नाही. कुणी मागितला तर नम्रपणे उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, दाखवायला सांगा.

कायमच्या नावासाठी आम्ही दिवाणी न्यायालयात वारस दाखल्याचा अर्ज केला आहे. इथे दोन शब्दांत बायकांची गल्लत करून दिली जाते. बँकेतल्या रकमा, शेअर, ठेवी यांच्यासाठी असतं ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, १९२५ च्या कायद्याखालचं. घर-जमिनीला ते पुरत नाही. आपल्याकडे १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळणारा वारस दाखला वेगळा. कुठला लागणार हे आधी विचारा, मगच वकिलांना फी द्या. आमच्या वकिलांनी १५ हजार सांगितले, अधिक वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचा खर्च. प्रकरण अजून चालू आहे.

सप्टेंबरमध्ये यांचं शेवटचं आयकर विवरण भरलं. आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागते, ती मंजूर झाली की मयत व्यक्तीचं विवरण वारसाला भरता येतं. त्या वर्षी मुदत वाढून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत होती. कापलेला टीडीएस परत मिळायचा होता. ऑफिसात दिवसभर लोकांची विवरणं भरत होते, संध्याकाळी सगळे गेल्यावर यांचं भरायला बसले. आधीच्या वर्षांची विवरणं उघडली तर प्रत्येकात आमच्या लेकीच्या शाळेची फी, माझ्या नावाने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता. घरासाठी काय काय करत होते ते त्या रकान्यांत दिसत होतं. सर अजून केबिनमध्ये होते. त्यांनी दार थोडं उघडून पाहिलं आणि काही न विचारता चहा पाठवून दिला.

पॅन आणि आधारचं काम सगळ्यात शेवटी करा. आधारच्या पोर्टलवर २०२५ पासून घरातल्या व्यक्तीच्या मृत्यूची माहिती देण्याची सोय झाली आहे, पण सगळे दावे, परतावे आणि विवरण झाल्यावरच तिकडे वळा. मी ऑक्टोबरमध्ये ते केलं. पुढे वीजमीटर, गॅस, रेशनकार्ड ही कामं फारशी अवघड नव्हती. दाखला आणि आधार दिलं की होतात.

या वर्षात मला बऱ्याच जणांनी सांगितलं की फाईल आमच्याकडे दे, तू कशाला उन्हातान्हात फिरतेस. ते प्रेमाने म्हणत होते. पण मी फाईल दिली नाही, आणि ज्या मैत्रिणी या वाटेवर आहेत त्यांनाही हेच सांगते. सोबत कुणाला न्या, पण खुर्चीत तुम्ही बसा, प्रश्न तुम्ही विचारा, पोच तुमच्या पिशवीत ठेवा. डिसेंबरमध्ये माझा आवाज काउंटरपलीकडे पोचत नव्हता. एप्रिलमध्ये मी तलाठ्यांना फेरफार क्रमांक विचारत होते. या दोन्हींच्या मधे काही चमत्कार झाला नाही, मी फक्त जात राहिले. ज्या दिवशी जाववलं नाही त्या दिवशी घरी राहिले, आणि तेही ठीकच होतं. रडण्यासाठी वेगळा वेळ ठेवावा लागत नाही, तो कामांच्या मधे येतच राहतो.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का ठरवून. त्याच महिन्यात मी माझ्या खात्यांना लेक आणि सासूबाई अशी दोन्ही नावं लावली. माझं मृत्युपत्रही साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत, नोंदणी डिसेंबरमध्ये करणार आहे.

लेक ऑक्टोबरमध्ये अठरा वर्षांची झाली. सातबाऱ्यावर तिच्या नावापुढचा ‘अ.पा.क.’ शेरा आता काढायचा आहे. महसूल खात्याच्या ‘ई-हक्क’ या ऑनलाइन प्रणालीवर त्यासाठी स्वतंत्र अर्ज आहे, वयाचा पुरावा जोडून घरूनच भरता येतो. मी लॅपटॉप उघडला तर ती म्हणाली, “आई, सरक. हा माझा अर्ज आहे.” परवा रात्री तिने तो भरला, अर्ज क्रमांक फाईलवर लिहून ठेवला आहे. फेरफार प्रमाणित झाला की इथेच कळवीन.